एकशे तीस फुटांची माणसं

टेकचंद वाढई गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आला तेव्हा डॉक्टरांनी सहा महिने उकिडवं बसायचं नाही असं बजावून पाठवलं होतं. वाढयाला, म्हणजे सुताराला, उकिडवं बसू नको म्हणणं म्हणजे ढिवराला पाण्यात उतरू नको म्हणण्यासारखंच. पहिले चार दिवस त्याने खाटेवर पडून घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या नजरेनेच तपासल्या. पाचव्या दिवशी तो बायकोच्या, कुसुमताईच्या, भाकरीचा गोल तपासायला लागला, तेव्हा तिने पवनीला फोन लावला.

पवनीला टेकचंदच्या धाकट्या भावाची मुलगी उर्वशी राहत होती. लग्नांचे व्हिडिओ काढणं हा तिचा धंदा. ती आली, टीव्हीच्या मागे एक पेन ड्राइव्ह खोचला आणि म्हणाली, "मोठेबाबा, हे पाहा. जुने जपानी पिक्चर आहेत. टाईमपास होते."

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पिक्चर. काही काळे-पांढरे, काही रंगीत. सगळ्यांची गोष्ट साधारण एकच. समुद्र हलतो, पाण्यातून डोंगरासारखी पाठ वर येते, मग डोकं, मग शेपूट. तो राक्षस किनाऱ्याला लागतो आणि गावात शिरतो. गाव तुडवतो. माणसं मागे पाहत पाहत पळतात. शेवटी राक्षस मरतो किंवा आला तसा पाण्यात निघून जातो. भाषा जपानी, खाली इंग्रजी पट्टी. टेकचंदला दोन्ही सारख्याच.

"रबराच्या खोळीत माणूस भरला आहे," कुसुमताई पहिल्याच दिवशी म्हणाली. "पाठीवरची चेन दिसून राहिली."

"दिसू दे ना. दंडारीत बाई होऊन नाचते त्याचीबी दाढी दिसते. तरी तू नंबर लावून पाहतेस."

"दंडारीत गाणं असते. हा नुसता खेकसते."

पण टेकचंद राक्षसाकडे पाहतच नव्हता. तो घरांकडे पाहत होता. त्या पिक्चरमधली घरं लाकडाची होती आणि त्यांच्यावर कवेलू होते. अर्धगोल, एकावर एक चढवलेले, ओळीने. राक्षसाचा पाय पडला की आधी कवेलू घरंगळायचे, मग आतला मयाल, छपराचं मुख्य आडवं लाकूड, मधोमध मोडायचा आणि भिंती आत पडायच्या. एकही भिंत बाहेर पडत नव्हती. टेकचंदने ते दृश्य पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं, की ही घरं करणाऱ्याने मयाल आधीच अर्धा कापून ठेवला आहे. मोडायचं घर त्याने मोडायसाठीच, पण बांधायच्या घरासारखं जीव ओतून बांधलं होतं. विजेच्या खांबांवर ताराही होत्या. कुणाच्या तरी अंगणात दोरीवर कपडे वाळत होते.

"हा आपल्या जातीचा माणूस आहे," तो म्हणाला.

"कोन? राक्षस?"

"घरं करणारा."

दहा दिवसांत त्याने सगळे पिक्चर पाहून संपवले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. कुसुमताईने उर्वशीला कळवलं, की तुझ्या मोठेबाबाचा गुडघा सुधारला, पण वरचा मजला बिघडला.

वरचा मजला काही बिघडला नव्हता. तिथे काय चाललं होतं ते समजायला पिंपळखारीचा हिशेब ठाऊक असायला हवा.

जुनी पिंपळखारी वैनगंगेच्या काठी होती. धरणाचं पाणी चढणार म्हणून सोळा वर्षांपूर्वी गाव उठलं आणि माळावर नवी पिंपळखारी वसली. पाणी येणार हे सगळ्यांना वर्षभर आधी माहीत होतं. राक्षसासारखं ते दुपारी दोन वाजता आलं नाही. वितावितानं आलं. म्हणून लोकांनी शहाणपणा केला. सागाचे मयाल, चौकटी, दारं, कवेलू, जे उतरवता येईल ते उतरवून नव्या गावी न्यायचं ठरवलं. उतरवायला माणूस हवा. गावात वाढई एकच. त्या उन्हाळ्यात टेकचंदने एक्केचाळीस घरं उतरवली. रोज सकाळी कोणीतरी बोलवायला यायचं, "टेकचंद, आज आमचं." तो कवेलू काढायचा, त्यांच्याखालचे फाटे सोडवायचा आणि शेवटी मयालाला दोर लावायचा. सगळ्यांच्या शेवटी त्याने आपलं, बेचाळिसावं घर उतरवलं.

पुढे नव्या गावात घरं उभी राहिली. इकडची रीत अशी, की घराची मुख्य चौकट उभी होते त्या दिवशी वाढयाला नारळ, टोपी, दुपट्टा देतात आणि पहिल्या पंगतीत पहिलं ताट त्याचं. नव्या पिंपळखारीत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चौकटी उभ्या राहिल्या आणि टेकचंदला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. कोणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. कोणी म्हणालं, "तुले टाईम नसन म्हनून मोहाडीचा आणला." कोणी म्हणालं, "साळ्याचा मित्र होता, नाही म्हनता येत नव्हतं." कारणं एक्केचाळीस, अर्थ एक. ज्या हाताने उतरवलं त्या हाताने चढवू नये.

टेकचंद खाटा करायचा, खिडक्या दुरुस्त करायचा, दिवाळीनंतर नाटक मंडळ्यांचे सेट ठोकायचा. त्याला काम होतं, लोक हसून बोलत, चहा पाजत. फक्त चौकटीला बोलवत नसत. तो साठीला आला होता आणि मरण्याआधी एकदा गावात दुसऱ्या कोणाच्या घरची चौकट बसवायची एवढीच त्याची इच्छा उरली होती. ती त्याने कुसुमताईलाही सांगितली नव्हती. तिला अर्थात माहीत होती.

आणि आता या पिक्चरांत त्याला दिसलं ते हे. अख्खं शहर तुडवलं जातं, लोक रडतात, आणि शिव्या खातो तो राक्षस. खोळीतल्या माणसाचं नावही कोणी विचारत नाही. शूटिंग संपलं की तो चेन उघडून बाहेर येत असेल, घाम पुसत असेल, चहा पीत असेल. आपल्याला त्या उन्हाळ्यात तशी एक खोळ पाहिजे होती, असं टेकचंदला वाटलं.

उर्वशी पुढच्या खेपेला आली तेव्हा त्याने विचारलं, "असा पिक्चर आपल्याले काढता येईन काय?"

उर्वशी या प्रश्नाची दोन वर्षं वाट पाहत होती. हळदीच्या गाण्यांना कंटाळलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. पिंपळखारीच्या मंडईला लेकी-जावई, नागपूर-पुण्याला गेलेली पोरं, सगळे येतात. त्या दिवशी दुपारी शूटिंग करायचं ठरलं. टेकचंद खुर्चीवर बसून कामाला लागला. एका फुटाला अर्धा इंच असं माप धरलं. बांबूच्या काड्यांचे फाटे, खोक्यांच्या फळ्यांच्या भिंती, वरून माती. कुसुमताई पेन्सिलीवर मातीच्या पट्ट्या वळवून कवेलू करायची. साडेसहा हजार झाले तेव्हा तिने मोजणं सोडलं. देवळासमोरचा पिंपळ, विहीर, शाळा, घाट, सगळं झालं. टेकचंदला कोणतंही माप कोणाला विचारावं लागलं नाही. एक्केचाळीस घरांचं हाडन् हाड त्याच्या हातांनी मोजलेलं होतं. प्रत्येक घराचा मयाल त्याने जपानी माणसासारखा आतून अर्धा कापून ठेवला.

उर्वशीने गादीवाल्याकडून फोम आणून खोळ शिवली. शेपटीत ट्रॅक्टरची जुनी ट्यूब. जबड्याला सायकलच्या ब्रेकची तार, ओढली की तोंड उघडायचं. खोळीत शिरायला तिने पवनीचा सूरज ठरवला होता. दंडारीत नाचणारा, दमाचा गडी. तो खोळ घालून या मापाच्या गावात उभा राहिला, की एकशे तीस फुटांचा दिसणार होता.

मंडईच्या दिवशी सकाळी समाजमंदिरासमोरच्या पटांगणात गाव मांडलं गेलं आणि खरं गाव ते पाहायला जमलं. पहिली पाच मिनिटं जो तो वाकून आपलं घर शोधत होता. मग तोंडं सुटली.

"माह्या घराले सहा खिडक्या होत्या. चार काहून?"

"दोन तू नव्या घराच्या मोजून राहिला," टेकचंद म्हणाला.

"आमचा गोठा एवढा लहान होता काय गा?"

"बैल मोठे होते तुमचे."

ललिताबाईने आपल्या घराच्या अंगणात बोट ठेवलं. "इथं जाईचा वेल होता." कुसुमताईने निमूट एक हिरवा दोरा तिथे डकवला. त्याबरोबर आणखी सात जणींना आपापले वेल आठवले. त्यातले निदान चार नव्या गावात लागलेले होते, पण कुसुमताईजवळ दोरा भरपूर होता.

मधुकरराव सर्वांत शेवटी आले. गावातली मोठी शेती त्यांची, जुन्या गावातली एकुलती एक माडीही त्यांचीच. सोळा वर्षांपूर्वी नवी चौकट बसवायला पहिल्यांदा बाहेरचा वाढई आणला तो त्यांनीच. बाकीचे चाळीस त्यांच्यामागून गेले. आता त्यांचा मुलगा अश्विन शेजारी नवीन घर बांधत होता आणि त्याची चौकट पुढच्या गुरुवारी होती. टेकचंदला बोलावणं नव्हतं. सगळ्या गावाला होतं.

मधुकररावांनी काठी टेकत गावाभोवती एक फेरी मारली. आपल्या माडीशी थांबले. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पन एक चुकलं."

"काय?"

"पानी आलं तवा कवेलू होते कुठं? राक्षस येईन तं उघड्या भिंतीवर येईन."

सोळा वर्षं लोक धरणाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, नव्या गावच्या नळाबद्दल बोलले. कवेलूंबद्दल कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा टेकचंदकडे गेल्या आणि लगेच पिंपळाकडे वळल्या.

"नव्हते," टेकचंद म्हणाला. "म्यांच उतरवले. तुम्ही बोलावलं म्हनून."

एवढ्यात उर्वशी फोन कानाला लावून आली. सूरज येत नव्हता. दुसऱ्या गावच्या मंडईत त्याची दंडार लागली होती आणि तिथे खोळीत शिरायचं नव्हतं, साडी नेसायची होती. त्याला ते बरं वाटलं.

"मोठेबाबा, आता तुम्हीच घाला," ती म्हणाली. "कोणतं घर कसं पडते ते तुम्हालेच माहीत."

लोकांनाही ते पटलं. दोघं-तिघं म्हणाले, "हो हो, टेकचंदच." हेच म्हणायची त्यांना सवय होती.

टेकचंदने ती हिरवी खोळ हातात घेतली. आत शिरलं की काम सोपं होतं. याच खोळीसाठी तो चार महिने झिजला होता. पण एक्केचाळीस घरांचे मालक समोर ओळीने उभे होते आणि आत कोण आहे हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जपान्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पिक्चरमध्ये बघणारे परके असतात.

त्याने खोळ खुर्चीवर टाकली. "मी नाही. माह्यं एकदा करून झालं. ज्याचं घर त्यानं मोडावं."

"म्हंजे?" मधुकरराव म्हणाले.

"म्हंजे आत शिराचं, आपल्या घरावर पाय ठेवाचा, बाहेर याचं. खोळ एक आहे, नंबर लावा."

कोणी हललं नाही. मग ऐंशी वर्षांच्या मनकर्णाबाई पुढे आल्या.

"मले घाल वं ते," त्या उर्वशीला म्हणाल्या. "अंदर गरम होते काय?"

"खूप होते, आजी."

"मंग ठीक आहे. राक्षसाले थंडी वाजून कसं जमन."

खोळ त्यांना दोन वेळा गुंडाळून उरली. शेपूट नातसुनेने उचलून धरली. एकशे तीस फुटांचा राक्षस चार ठिकाणी दम खात घाटावरून वर आला, पिंपळाला वळसा घालून गेला, कारण पिंपळावर पाय देणं बरं नव्हे, आणि एका दोन खोल्यांच्या घरासमोर थांबला. आतून बारीक आवाज आला, "घरात कोनी नाही ना?"

"नाही, आजी. पाडा."

पाय पडला. कवेलू घरंगळले, मयाल मधोमध कटकन मोडला, भिंती आत पडल्या. मनकर्णाबाई बाहेर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या आणि चेहरा लग्नातल्या वरमाईसारखा होता. "असं पडाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "आवाज करून."

मग नंबर लागला. आणि नंबर लागला की भांडण आलंच.

"माह्यं घर कोपऱ्यावर होतं, राक्षसाले पहिले तेच लागन."

"तुह्यं घर पाहून राक्षस वापस गेला असता."

सेवकराम गवंड्याने उडी मारून घर पाडलं, तेव्हा त्याच्या भावाने हरकत घेतली, की घर दोघांचं होतं, अर्धं मला ठेवायचं होतं. पुण्याच्या एका जावयाने फोटोसाठी सासऱ्याचं घर पाडायची परवानगी मागितली. सासऱ्यांनी ती नाकारली आणि स्वतः आत शिरले. ललिताबाईने आधी हिरवा दोरा सोडवून पदरात बांधला आणि मगच पाय ठेवला. उर्वशी डोक्याला हात लावून शूटिंग करत होती. तिचा राक्षस एका शॉटमध्ये सहा फुटांचा, दुसऱ्यात साडेचार. कधी लंगडणारा, कधी बांगड्या वाजवणारा, आणि एकदा तर मधेच थांबून तंबाखू मागणारा. एकतिसाव्या घरानंतर तिने जुळवाजुळवीचा नाद सोडला.

टेकचंदचा नंबर आला. तो उठला, पण कुसुमताईने खोळ त्याच्या हातातून घेतली. "तुमच्यानं पाय उचलत नाही. मीच जातो."

ती आत शिरली आणि तिने जे घर तुडवलं, तसं त्या दिवशी कोणीच तुडवलं नाही. छप्पर गेलं, भिंती गेल्या, तरी ती थांबेना. चूल होती तिथे तिने टाच घासली. लोक हसत होते ते हळूहळू थांबले. सोळा वर्षांत या बाईने जुन्या घराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं आणि टेकचंदने त्याचा अर्थ, तिला काही वाटलं नाही असा लावून ठेवला होता. ती बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चहा कोनाले कोनाले पायजे?"

उरली माडी. मधुकररावांनी काठी अश्विनकडे दिली आणि आत गेले. राक्षस माडीसमोर येऊन उभा राहिला. उभाच राहिला. उर्वशी म्हणाली, "काका, पाय." राक्षस हलला नाही. मग खोळीतून, विहिरीतून यावा तसा, आवाज आला.

"टेकचंद. पहिले काय काढलं होतं तू?"

"मांगच्या अंगचे कवेलू."

"अन् मयाल?"

"पाचव्या दिवशी. तुम्ही अंगनात पाठ फिरवून बसले होते."

"पाहवत नव्हतं मले."

"मले तं पाहाच लागलं," टेकचंद म्हणाला. "पाहिल्याशिवाय हात कापते."

राक्षसाचा जबडा उगाच एकदा उघडला आणि मिटला. आत ब्रेकची तार ओढली गेली असावी. मग पाय उचलला गेला. माडीला दोन पाय लागले.

खोळ उतरवल्यावर मधुकरराव बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत बसले. चहाचा कप हातात आला तेव्हा टेकचंदकडे न पाहता म्हणाले, "गुरुवारी अश्विनच्या घरची चौकट आहे. ये."

टेकचंदने बशीतला चहा संपवला. "कोनतं लाकूड?"

मधुकरराव घुटमळले. "ग्रॅनाइट आहे. भंडाऱ्याहून आणलं. आजकालचे पोरं, लाकूड नको म्हनते."

"ग्रॅनाइटले वाढई कायले लागते?"

"टोपी-दुपट्टा द्याले मानूस लागते ना."

हा मान होता की नुसती भरपाई, हे टेकचंदने बुधवार रात्रीपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. कुसुमताई म्हणाली, "जेवाले तं जा. पहिलं ताट आहे." गुरुवारी त्याने धुतलेला सदरा घातला, जुन्या सवयीने खिशात ओळंबा टाकला आणि गेला.

काळी कुळकुळीत चौकट सेवकरामने आधीच उभी करून सिमेंट भरलं होतं. पूजा झाली. अश्विनच्या बायकोने, स्वातीने, चौकटीला हळदीकुंकू लावलं. मधुकररावांनी टेकचंदच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. सगळं गाव पाहत होतं. टेकचंदने नारळ अश्विनकडे धरायला दिला, खिशातून ओळंबा काढला आणि चौकटीच्या कोपऱ्याला दोरी लावून एक डोळा मिटला.

"दोन सूत भाईर आहे," तो म्हणाला.

"सिमेंट भरलं, भाऊ," सेवकराम म्हणाला. "दोन सूत म्हंजे पाव इंच, ते कोन पाहते?"

"दार पाहते. रोज आपोआप उघडन. सिमेंट अजून ओलं आहे. काढ."

सेवकरामने मधुकररावांकडे पाहिलं. मनकर्णाबाई मागून म्हणाल्या, "झालं! टोपी घालाची देर होती, लागला उतरवाले." बाया हसल्या. टेकचंदही हसला, पण दोरी सोडली नाही.

"काढा," मधुकरराव म्हणाले. "तो म्हनते तं काढा."

चौघांनी चौकट सैल केली. सेवकरामने फुरंगटून पहार लावली. टेकचंदला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून तो उंबऱ्यात चक्क पाय पसरून बसला, नवा दुपट्टा सिमेंटात लोळत होता, आणि दोरीवरची नजर न हलवता सांगत राहिला, "अजून थोडी. थोडी अजून. अंदर घे. बस."